मोठ्यांपुरतं खोटं

सेतुमामांइतका खोटारडा माणूस तंजावूरच्या राजवाड्याभोवतीच्या गल्ल्यांत दुसरा नाही. हे मी त्यांच्या तोंडावर म्हटलेलं आहे, आणि त्यांनी ते मान डोलावून कबूलही केलं आहे. त्यांना देवनागरी वाचता येत नाही, आम्हा तंजावूरच्या मराठी लोकांपैकी फार थोड्यांना येते, त्यामुळे इथेही मोकळेपणाने लिहिते.

ओरत्तनाडूच्या तालुका कचेरीतून निवृत्त झालेला, सत्तरी ओलांडलेला, काटकुळा माणूस. आमच्यापासून तिसऱ्या घरात एकटाच राहतो. पांढरी वेष्टी, म्हणजे इकडचं धोतर, उन्हात आणि सावलीत सारखीच उघडलेली छत्री, आणि शर्टाच्या खिशात स्टीलची एक चपटी डबी. डबीत चंदन. ते रोज सकाळी स्वतः सहाणेवर तासभर उगाळतात. दुकानात तयार पावडर मिळते असं मी एकदा सुचवलं, तर म्हणाले, “त्यांत चंदन सोडून सगळें असतें. अव्वळवुदान.”

हे ‘अव्वळवुदान’ म्हणजे तमिळमधलं ‘इतकंच’. मामांचं प्रत्येक वाक्य तिथे येऊन संपतं. पुढे कुणी काही विचारू नये म्हणून दाराला कडी घालावी तसं.

आता चंदन आणि खोटेपणा यांचा संबंध काय, ते सांगते. आमच्याकडे लहान मुलाचं टक्कल दिसलं तर कुणी दचकत नाही. नवस बोलायचा, मारिअम्मन देवीला केस द्यायचे, गुळगुळीत डोक्याला चंदन फासून बसने घरी यायचं. त्याला मोट्टै म्हणतात. कुठल्याही बसमध्ये अशी दोन-तीन पिवळी डोकी असतातच. पण चंदन नसलेलं टक्कल, ओढलेला चेहरा आणि तोंडावर मास्क असं पोर चढलं, की अख्खी बस वळून बघते. मग प्रश्न सुरू होतात.

सेतुमामा आठवड्यातून दोन दिवस कॅन्सरच्या मुलांच्या वॉर्डाबाहेरच्या बाकावर बसतात. घरी जायला निघालेलं पोर दिसलं, की आधी नर्सला विचारतात, “अक्का, डोक्याची कातडी बरी आहे कां? लावूं कां?” नर्सने मान हलवली की मुलाच्या डोक्याला चंदन लावतात, आणि मग आईबापांची शिकवणी घेतात.

“कुठला नवस?”

“मारिअम्मन.”

“मास्क कां?”

“धुळीची अलर्जी.”

“पोर वाळलें कां?”

“परीक्षा.”

“चाचरूं नका. पुन्हा सांगा.”

एका शेतकरी बापाला ‘अलर्जी’ हा शब्द काही केल्या येईना. मामांनी त्याला तो शब्द इतक्या वेळा घोकायला लावला, की शेवटी कडेवरची पोरगीच बापाला सांगायला लागली. आगाऊ प्रवाशांसाठी वर कडुलिंबाची पानं आणि हळदीच्या पुड्या. प्रसाद म्हणून. पानं मामांच्या परसातली, हळद कोपऱ्यावरच्या दुकानातली. त्या प्रसादाने माझ्या चुलत नणंदेचा, कमलाक्काचा, गुडघा बरा झाला. ती अजून सगळ्यांना सांगते.

मामांचं आणखी एक ठरलेलं खोटं आहे. कुणाच्याही घरी कितीही वाजता जेवायचं विचारलं, तर ते म्हणतात, “जेवून आलों. अव्वळवुदान.” कॉफी घेतील, पानावर बसणार नाहीत. त्यांची चूल कित्येक दिवस पेटत नाही हे गल्लीला ठाऊक आहे. पण विचारायचं गल्लीने, आणि नाही म्हणायचं मामांनी, हे इतकी वर्षं चाललंय की कुणाला त्यात काही वाटेनासं झालंय.

मी स्वतः या सगळ्याला हसत होते. शाळेत गणित शिकवते, कुणाच्याही बोलण्यात चूक काढायची सवयच आहे. मग माझ्या जानकीला रक्ताचा कॅन्सर झाला. नऊ वर्षांची होती.

त्यानंतर लोक आमच्या घरी आले. ते कसे आले, ते मी मरेपर्यंत विसरणार नाही. कमलाक्का कसल्याशा पानांचा काढा घेऊन आली आणि तो आधी तू चाखून बघ म्हणून माझ्याच मागे लागली. एकजण येऊन मागच्या जन्माचा हिशेब मांडून गेले. एका मावशींनी जानकीचा फोटो काढला, कुठल्याशा स्वामींना पाठवायला, आणि तो आधी नातेवाइकांच्या ग्रुपवर पाठवला. खाली सत्तावीस जणांनी हात जोडले. सगळे जाताना मला एकच सांगायचे, तू खंबीर राहा. मी खंबीर राहिले म्हणजे त्यांना पुन्हा यावं लागणार नव्हतं. तेव्हापासून समजूतदार माणसांचा मला वीट आला आहे.

जानकीचे केस गेले तेव्हा ती पलंगाखाली जाऊन बसली. आम्ही तिला सांगितलं होतं, तुला अशक्तपणा आहे, रक्त कमी आहे, टॉनिकने उष्णता वाढली म्हणून केस गळाले. दोन दिवस ती कुणाचं ऐकेना. तिसऱ्या दिवशी सेतुमामा न बोलावता आले. तब्येत विचारली नाही. छत्री दाराशी ठेवली, कशीबशी जमिनीवर बैठक मारली आणि पलंगाखाली बघून तमिळमध्ये म्हणाले, “औषध कडक आहे. तें वाईट पेशी मारतें, त्यांच्याबरोबर केसही मारतें. औषध थांबलें कीं केस येतात. अव्वळवुदान.”

जानकी बाहेर आली. “खरंच ताता?” तिने विचारलं. ती त्यांना ताता म्हणते, म्हणजे आजोबा.

“पोरांशीं मी खोटें बोलत नाहीं,” मामा म्हणाले, आणि डबी उघडली.

मी त्यांना ओसरीवर गाठलं आणि वाटेल ते बोलले. माझ्या मुलीला काय सांगायचं ते मी ठरवीन, तुम्ही कोण, असंही म्हटलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

“बाहेरच्यांना काय वाटेल तें सांग,” ते म्हणाले, “मी शिकवतों. तिला नको.”

“जेवायला थांबता?” मी रागानेच विचारलं. आमच्याकडे भांडणातही विचारावं लागतं.

“जेवून आलों. अव्वळवुदान.”

पण मी काही सुधारले नाही. आमच्याकडे त्याची एक सोयही होती. जानकी जन्मापासून आम्हाला तमिळमध्ये उत्तर देते. शाळेत इंग्रजी, गल्लीत तमिळ. मराठीचा एक शब्द तिच्या तोंडून कधी निघाला नव्हता. एरवी याची आम्हाला लाज वाटायची. पाहुणे आले की आम्ही सांगायचो, काय करायचं, हिला येतच नाही. वॉर्डात मात्र ती लाज उपयोगी पडली. आजूबाजूला सगळे तमिळ बोलणारे. मी आणि माझा नवरा, श्रीनिवास, तिच्या उशाशी उभं राहून मराठीत सगळं बोलायचो. कुठली गाठ, कुठला रिपोर्ट, डॉक्टरांनी नजर का चुकवली. आमच्या पूर्वजांची भाषा आम्ही इतक्या पिढ्या कशासाठी टिकवली, तर यासाठी, असं मी एकदा श्रीनिवासला म्हटलंसुद्धा. तो हसला होता.

एका दुपारी मामा तिच्या पलंगावर चिंचोक्यांचा खेळ मांडून बसले होते. पाटावरच्या खळग्यांत एकेक चिंचोका टाकत पुढे जायचं, असा तो खेळ. श्रीनिवास रिपोर्ट घेऊन आला. आम्ही खिडकीशी, चार पावलांवर.

“चांगला नाही,” तो मराठीत म्हणाला. “औषध बदलायला हवं म्हणतात. बदलून तरी उपयोग होईल का, ते त्यांनाही माहीत नाही.”

“हिला सांगू या, पुढच्या महिन्यात शाळा,” मी म्हटलं.

मामा उठले. मला म्हणाले, “बाहेर ये.”

बाकावर बसल्यावर त्यांनी आधी छत्री नीट मिटली. हे मी प्रथमच पाहत होते.

“तिला मराठी समजते,” ते म्हणाले.

“तिला एक शब्द येत नाही मामा.”

“बोलत नाहीं. समजते. सगळें. तुम्ही दोघें बोलायला लागलां कीं तिचा हात थांबतो. चिंचोका बोटांतच राहतो. तुमचें बोलणें संपलें कीं मग पडतो. तीन आठवडे बघतों आहें.”

मला तो हात दिसायला लागला होता.

“माझा रघु,” मामा म्हणाले. मामांना मुलगा होता हे मला ऐकून माहीत होतं. त्यांच्या तोंडून नाव पहिल्यांदा ऐकलं. “आठवें वर्ष. हाच रोग. तेव्हां औषधें एवढीं नव्हतीं. आम्ही त्याला म्हणायचों, थोडें बरें वाटलें कीं तिरुवैयारूला जायचें, कावेरींत पाय सोडून बसायचें. आणि त्याच्या उशाशीं मी आणि त्याची आई मराठींत बोलायचों. डॉक्टर काय म्हणाला, किती दिवस म्हणाला. ती मला रोज विचारायची, जेवलेत कां, आणि मी म्हणायचों, घास उतरत नाहीं. सगळें त्याच्या डोक्यावरून. तोही तमिळच बोलायचा. तुमच्या पोरीसारखाच.”

एक स्ट्रेचर गेलं. मामांनी त्याला वाट द्यायला पाय आत घेतले.

“शेवटच्या दिवशीं आई घरीं गेली होती. मी एकटा. त्याने माझ्याकडे बघितलें आणि मराठींत विचारलें, अप्पा, जेवलेत कां. जन्मांत पहिल्यांदा. तिच्यासारखेंच विचारलें, तोच स्वर. म्हणजे सगळा महिना तो ऐकत होता. सगळें माहीत असून तिरुवैयारूला कधीं जायचें म्हणून विचारायचा. आम्हांला बरें वाटावें म्हणून. एवढेंसें पोर, आणि एकटें.”

“तुम्ही काय म्हणालात?”

“जेवलों म्हणालों. दोन दिवस पोटांत कांहीं नव्हतें. शेवटचें बोललों तेंही खोटें.”

मी ‘अव्वळवुदान’ची वाट पाहिली. ते आलं नाही. त्यांनी डबीचं झाकण उघडलं, पुन्हा लावलं.

मी आत गेले. पलंगावर बसले आणि जानकीला सगळं मराठीत सांगितलं. रोगाचं नाव सांगितलं. आताचं औषध लागू पडलं नाही, दुसरं देणार, त्याने बरं वाटेल की नाही ते कुणालाच ठाऊक नाही, हेही सांगितलं. ती माझ्याकडे बघत होती. मग तमिळमध्ये म्हणाली, “माहीत आहे अम्मा. विचारलं असतं तर तुम्ही दोघं रडला असता.” त्यानंतर आम्ही तिघंही रडलो, आणि शेजारच्या खाटेवरच्या बाईने मला खंबीर राहायला सांगितलं.

हे सगळं मागच्या वर्षीचं. नवं औषध अजून चालू आहे, पण पहिल्याइतकं कडक नाही. जानकीच्या डोक्यावर लव आली आहे, हात फिरवला तर लागते. ती मला विचारते, मी बरी होईन का, आणि मी म्हणते, माहीत नाही. असं म्हणायला मी कशी शिकले ते माझं मला ठाऊक. सेतुमामा मात्र भेटतील तेव्हा मला सांगतात, “पोर ठणठणीत होणार. अव्वळवुदान.” त्याने धीर यायला हवा. पण मोठ्यांशी ते कसे बोलतात ते मला चांगलं माहीत आहे. बाकावर ज्यांच्या डोक्याला त्यांनी चंदन लावलं त्यातल्या किती जणांचे केस परत आले, हेही मी त्यांना विचारत नाही. मी मोठी आहे. मला खरं उत्तर मिळणार नाही.

परवा दुपारी ते चंदन द्यायला आले. स्वयंपाक झाला होता, श्रीनिवास पानावर बसत होता. मी सवयीने विचारलं, “मामा, जेवता का?”

“जेवून आलों. अव्वळवुदान.” एक चप्पल पायात घातलीसुद्धा.

आतून जानकी दाराशी आली. रघूची गोष्ट मी तिला कधी सांगितलेली नाही. आताशा ती मराठीचे दोन-चार शब्द बोलून बघते, अडखळत, आम्ही हसू म्हणून जरा दबकत. तिने त्यांच्याकडे बघितलं आणि विचारलं, “ताता, जेवलेत कां?”

मामांनी दाराची चौकट धरली. मी श्रीनिवासकडे पाहिलं, तोही हात थांबवून बसला होता. जानकीला वाटलं आपलं काही चुकलं. तिने तेच शब्द पुन्हा, जरा हळू म्हटले.

“नाहीं,” सेतुमामा म्हणाले.

त्यांनी चप्पल काढली. जानकीने केळीचं पान आणून मांडलं, त्यावर पाणी शिंपडलं, आणि मी भात वाढायला वाकले ती बराच वेळ वर बघितलंच नाही.