वानरांनी नाकारलेलं झाड

गिरणीतले फोरमन निवृत्त झाले आणि तिसऱ्याच महिन्यात वानरांचे तज्ज्ञ होऊन बसले! पस्तीस वर्षं यंत्रांच्या खडखडाटात काढलेल्या माणसाला घरातली शांतता खायला उठत होती. म्हणून ते रोज संध्याकाळी माडीच्या गॅलरीत बसायचे. समोरच सावरीचं उंच झाड होतं. तिथं वानरांचा कळप झोपायला यायचा.

"वानर जागा कशी निवडतात, माहितेय?" दिसेल त्याला धरून ते सांगायचे. "झाड उंच हवं. खोड खालून सरळसोट, शेंडा दुसऱ्या झाडाला न टेकलेला. आणि झोपायचं फांदीच्या पार टोकाला! बिबट्या चढलाच, तर त्याच्या वजनानं फांदी हलते आणि हे जागे! अहो, ज्या घरासमोर वानर झोपतात, त्या घराला कुलूपसुद्धा नको!"

बायकोनं हे इतक्या वेळा ऐकलं, की शेवटी तिनं दिवाणखान्यात शिवणाचा वर्गच काढला. चार ते सहा. सहा मशिनी, सहा बायका. फोरमनांची दुपारची झोप त्यामुळे खालच्या सोफ्यावरून माडीवरच्या, खिडकीजवळच्या पलंगावर गेली. त्यांची काही तक्रार नव्हती. मशिनींच्या आवाजात त्यांना गिरणीतल्यासारखं निर्धास्त वाटायचं. उलट सहाला मशिनी थांबल्या, की त्या शांततेनंच ते दचकून उठायचे.

वर्गाच्या पहिल्याच दिवशी ते चहाचा कप घेऊन गॅलरीत आले आणि कप ओठांशीच थांबला. समोरच्या कुंपणाच्या भिंतीवर सगळा कळप ओळीनं बसला होता. झाडाकडे कुणी बघत नव्हतं. सगळे घराकडे बघत होते. आवाज नाही, हालचाल नाही. पिल्लंसुद्धा आयांच्या पोटाला चिकटून गप्प. अंधारू लागलं तशी आधी काळी तोंडं दिसेनाशी झाली, मग अंगं, आणि शेवटी भिंतीवरून लोंबणाऱ्या शेपट्या तेवढ्या उरल्या. मग त्याही गेल्या. झाड रिकामंच राहिलं.

दुसऱ्या दिवशी तेच. फक्त थोरल्या नरानं एकदा "खॅक!" केलं आणि तीसच्या तीस तोंडं फोरमनांकडे वळली. फोरमनांनी हळूच मागे वळून पाहिलं. उघडं दार आणि खोलीतला अंधार!

"अगं," ते धापा टाकत खाली आले, "ते माझ्याकडे बघत नाहीत. माझ्या मागे बघतात!"

"मागे काय आहे?"

"मी तेच तुला विचारतोय!"

तिसऱ्या दिवशी वर्गातल्या एकीला आठवलं, की तिच्या गल्लीतलं कुत्रं दिसेनासं झालंय. दुसरीला माडीच्या जिन्यावर ओरखडे दिसले. चौथ्या दिवशी वर्ग बंद! वनरक्षक आली. तरुण मुलगी, खांद्याला पिशवी, काखेत नोंदवही. तिनं झाडाच्या बुंध्यापाशी बसून माती पाहिली, खोड न्याहाळलं.

"काका, वानर झोपायची जागा उगाच सोडत नाहीत. त्यांनी काहीतरी ऐकलंय."

"बिबट्या ओरडतो कसा हो?"

"लाकडावर करवत ओढावी तसा. घर्र... घर्र... मधेच थांबतो, पुन्हा सुरू."

फोरमनांच्या मानेवरचे केस उभे राहिले. पण वर्ग बंद असूनही जमलेल्या सहाही बायका बघत होत्या! "माडीवर मी पहारा देतो," ते म्हणाले. "डोळ्याला डोळा लागू देणार नाही!"

चार वाजता ते कापड मोजायची लाकडी पट्टी हातात घेऊन पलंगावर बसले. खाली वनरक्षक, जाळी घेतलेले दोन मदतनीस आणि बायको. घरात टाचणी पडली तरी ऐकू आली असती.

त्यांनी डोळे उघडले तेव्हा खोलीत अंधारून आलं होतं. बाहेर वानर जिवाच्या आकांतानं ओरडत होते. आणि दाराच्या फटीतून कुजबूज आली.

"काका, जागे आहात?"

"हो."

"अजिबात हलू नका. तो तुमच्याच खोलीत आहे. दहा मिनिटं ऐकलाय आम्ही."

फोरमनांनी पाय इंच इंच करत वर घेतले. "कुठं आहे?"

"पलंगापाशी. अजून आवाज येतोय का?"

"न... नाही."

"म्हणजे त्याला तुमची चाहूल लागली!"

पलंगाखालून कुणीतरी श्वास घेतंय असं फोरमनांना स्पष्ट वाटलं. त्यांनी स्वतःचा श्वास रोखला. तोही थांबला! त्यांनी सोडला. त्यानंही सोडला!

"अहो, घाबरू नका!" जिन्याखालून बायको ओरडली. "मी आहे ना!"

"मग वर ये!"

"मी खाली आहे!"

दार करकरत उघडलं, आत एक सावली सरकली, फोरमनांनी किंचाळून उडी मारली, आणि जाळी बरोब्बर त्यांच्यावर पडली. वनरक्षक मुलीनं पलंगाखाली बॅटरी मारली. एक ट्रंक, दोन जुने बूट. बस्स!

"पण आवाज तर इथूनच येत होता," ती म्हणाली. "हा बघा, मोबाइलमध्ये घेतलाय." घर्र... घर्र... भिंतीवरचे वानर तो आवाज ऐकून धूम पळाले. बायको तोवर वर आली होती. तिनं मान तिरकी करून ऐकलं.

"अहो, हे तर तुमचं!"

"माझं काय?"

"घोरणं!"

"मी घोरतो?"

"पस्तीस वर्षं!"

"मग खाली बसून ओळखलं नाहीस?"

"रोज ऐकणाऱ्याला ऐकू येतं होय!"

वनरक्षक भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. तिचे खांदे हलत होते. जरा वेळानं ती गंभीर चेहऱ्यानं वळली. "काका, माणसं आली, जाळी वापरली. नोंद मात्र करावी लागेल."

फोरमनांनी जाळीतूनच सही केली.

पलंग मागच्या खोलीत गेला. त्यानंतरच्या चौथ्या संध्याकाळी वानर चुपचाप येऊन झाडावर चढले आणि फांद्यांच्या टोकांना जाऊन झोपले. आठवड्यानं नोंदीची प्रत घरी आली, ती नेमकी शिवणाच्या वर्गात! फोरमन जिना उतरेपर्यंत सहाही बायकांची वाचून झाली होती.

प्राणी : नर, पूर्ण वाढ झालेला.

धोका : नाही.

शेरा : कुशीवर वळवल्यास शांत होतो.