गुंडेराव सरांचा मांडव

कांदासुद्धा न खाणारा माणूस मासळीबाजारात हुज्जत घालताना तुम्ही पाहिलाय? आमचे गुंडेराव सर घालायचे, आणि तीही माशासाठी नव्हे, खवल्यांसाठी!

"मासा तुझा तुलाच ठेव. खवले तेवढे दे."

"सर, खवल्याचं कालवण व्हत न्हाई," मासेवाली हसायची.

सीमेवरच्या आळंद गावच्या शाळेत ते विज्ञान शिकवायचे, मी मराठी. त्यांच्या पत्नी पार्वतीअक्का. तुरीची काटकी लागून त्यांच्या एका डोळ्यात फूल पडलं होतं. नेत्रदानातून मिळालेलं बुबुळ बसवून पाहिलं, पण तेही पांढरं झालं. पुढे गावात सायबर कॅफे आलं आणि सरांना तिथे वाचायला मिळालं, की माशाच्या खवल्यापासून पारदर्शक जाळी करतात, ती डोळ्यावर बसवली तर तिच्या आधारानं बुबुळाच्या पेशी पुन्हा वाढतात, असे प्रयोग चाललेत. झालं! सरांचे पाय जमिनीवर ठरेनात.

"मांडव हो, मांडव!" भेटेल त्याला ते धरायचे. "दोडक्याचा वेल कशावर चढतोय? तसंच हे. डोळ्यात मांडव घालायलेत!" लग्नाचं आमंत्रण घेऊन आलेले लोक त्यांच्यापुढे मांडवाचं नाव काढायला घाबरायचे.

एकदा खवले मऊ होतात का बघायला त्यांनी ते लिंबाच्या रसात भिजवून ग्लास स्टाफरूममध्ये ठेवला. उन्हातून आलेल्या हेडमास्तरांनी सरबत समजून तोंडाला लावला. पुढचं सांगत नाही. सर मात्र ग्लासात उरलेला खवला उजेडात धरून ओरडले, "आरपार दिसायलंय!"

शेवटी हैदराबादला जाऊन त्यांनी एका डोळ्यांच्या डॉक्टरांना गाठलं. परत आले ते गल्लीच्या तोंडापासूनच ओरडत, "खवल्याच्या जाळीनं सशाला दिसायलंय! आता माणसाची पाळी!" सशाच्या डोळ्यासाठी पेढे वाटणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहिला. खरं सांगतो, मलाही आनंद आवरेना.

सर पेढे घेऊन शेजारी गेले, तेव्हा अक्का हळूच म्हणाल्या, "पहिलं बुबुळ वाया गेलं तवा हे डॉक्टरला म्हणाले, माझा एक डोळा काढा, हिला बसवा. जित्या माणसाचा घेत न्हाईत म्हणल्यावर दवाखान्यातच रडत बसले. तवापासून हे खवल्याचं याड."

मी हातातला पेढा ताटलीत परत ठेवला.

"माझं एका डोळ्यावर भागायलंय, भावजी," दाराकडे बघत त्या म्हणाल्या. "पण हे न्हाई जमलं तर ह्यांना कोन समजवायचं?"