मेंगकाकांची चार अक्षरं

योमकाकूंचा मासा गुरुवारी कचऱ्यात गेला आणि शनिवारी आमची सोल्बात वसाहत आदर्श समाज कसा असावा यावर मतदान करत होती. मधल्या दोन दिवसांत कुणालाही लाज वाटली नाही, हे आधीच सांगून टाकतो.

योमकाकू दक्षिणेकडच्या. तिकडे लग्नाच्या पंगतीत होंगॉ नसेल तर व्याही जेवले असं धरत नाहीत. होंगॉ म्हणजे मुद्दाम कुजवलेला मासा. चांगला मुरलेला असला की डोळ्यांतून पाणी काढतो आणि खाणारे त्यालाच चव म्हणतात. मुलाच्या लग्नासाठी काकूंनी माहेराहून खोका मागवला होता. तो आला तेव्हा काकू केस कुरळे करून घ्यायला गेल्या होत्या, म्हणून खोका घेऊन आलेल्या पोऱ्याने तो फाटकावरच्या चौकीत ठेवला. मेंगकाकांनी थंडीत मासा कडक होऊ नये म्हणून तो प्रेमाने हीटरजवळ सरकवला.

मेंगकाका आमचे रखवालदार, वय अडुसष्ट. त्यांचा करार तीन-तीन महिन्यांचा. चालू करार महिनाअखेरीला संपत होता आणि पुढच्यावर सही करायची होती अध्यक्ष प्यो यांना. या वयात दुसरी चौकी मिळत नाही, हे वसाहतीत सगळ्यांना ठाऊक होतं.

तासाभरात वास चौथ्या मजल्यापर्यंत चढला. कुणीतरी गॅसवाल्यांना फोन केला, कुणी अग्निशमन दलाला. दोन इमारतींतली माणसं सपाता घालून खाली आली आणि एकमेकांच्या स्वयंपाकावर संशय घेऊ लागली. अध्यक्ष प्योंनी नवव्या मजल्यावरून चौकीत फोन लावला.

"मेंगकाका, तो खोका आत्ताच्या आत्ता कचऱ्यात टाका. कुणाला विचारत बसू नका."

काकांनी टाकला. संध्याकाळी योमकाकू नवेकोरे कुरळे केस घेऊन आल्या आणि चौकीच्या पायरीवरच बसल्या. लग्न रविवारी आणि हा मासा मुरायलाच पंधरा दिवस लागतात. कुणी टाकला, एवढंच त्या विचारत राहिल्या. अध्यक्ष त्यांच्या आधी चौकीत येऊन गेले होते. "स्वतःच्या मनाने टाकला म्हणा," ते हळूच म्हणाले होते. "कराराचं मी बघतो." काका तसंच म्हणाले.

शनिवारची सभा ज्येष्ठांच्या दालनात भरली. विषय मासा होता, पण वसाहतीत शिकलेली माणसं फार, त्यामुळे दहा मिनिटांत मासा मागे पडला आणि न्याय पुढे आला. तेवढ्यात बोंग ग्यू-री उठली. ती एका कंपनीत नोकरभरती बघते आणि माणसाचं नाव विचारायच्या आधी त्याची चार अक्षरं विचारते, म्हणजे फोनवरच्या स्वभावचाचणीत निघणारी चार इंग्रजी अक्षरं. हल्ली आमच्याकडे अक्षरं जुळल्याशिवाय सोयरीकही होत नाही. तिचं म्हणणं, प्रत्येकाचा न्याय त्याच्या स्वभावातून येतो, तेव्हा आधी स्वभाव तपासू आणि मग कसा समाज हवा ते ठरवू. सगळ्यांनी आज्ञाधारकपणे फोन काढून चाचणी दिली.

निकाल लागताच दालनाची फाळणी झाली. डोक्याने ठरवणारे ते डोक्याचे लोक, ते खिडकीपाशी बसले; काळजाने ठरवणारे ते काळजाचे, ते चहाच्या भांड्यापाशी. डोक्याच्यांचा आदर्श समाज नियमांवर चालणारा होता. फाटकावर यंत्र हवं, कारण यंत्र मासा टाकत नाही आणि त्याला हीटर लागत नाही. काळजाच्यांच्या समाजात कुणाचंच मन दुखावत नव्हतं. ते योमकाकूंसाठी रडले, मग मेंगकाकांसाठी रडले, मग आपण किती रडतो यावर गहिवरले. पुढचा तासभर दोन्ही बाजूंनी एकमेकांचा यथेच्छ उद्धार केला.

"तू माणूस आहेस की गणकयंत्र?" चहाकडून कुणी विचारलं.

"यंत्र बरं. ते निदान चहा संपवत नाही," खिडकीकडून उत्तर आलं.

मेंगकाका हे सगळं होईपर्यंत खुर्च्या लावत आणि कप भरत होते. ग्यू-रीला एकदम आठवण झाली, की त्यांची अक्षरं कुणी विचारलीच नाहीत. काकांजवळ चष्मा नव्हता, म्हणून ती मोठ्याने प्रश्न वाचू लागली.

"काका, महत्त्वाचे निर्णय तुम्ही कुणाला न विचारता घेता?"

काकांनी अध्यक्षांकडे पाहिलं. अध्यक्षांनी कपात पाहिलं.

"घेतो," काका म्हणाले.

"घेतलेल्या निर्णयाबद्दल नंतर वाईट वाटतं?"

"नाही वाटत."

एकदा मनाने टाकला म्हटल्यावर प्रत्येक उत्तर त्याच्याशी जुळवून घ्यावं लागत होतं. वीस प्रश्न काका घाम पुसत खोटं बोलले. ग्यू-रीने निकाल पाहिला आणि टाळी वाजवली. काकांची चारही अक्षरं अध्यक्षांशी जुळत होती. पुढारी. शंभरात दोन-तीन माणसंच अशी निघतात म्हणे. दालनभर टाळ्या झाल्या. अध्यक्षांनीही वाजवल्या, पण दोनच.

आणि तिथेच काकांचं मरण झालं. डोक्याचे म्हणाले, मनाला येईल ते ठरवणारा माणूस फाटकावर ठेवणं धोक्याचं आहे. काळजाचे म्हणाले, असा पुढारी त्या खोक्याएवढ्या चौकीत कुजत राहावा हे पाप आहे, त्याला मोकळं करा. तासाभरात पहिल्यांदाच दोघांचं एकमत झालं. अध्यक्ष म्हणाले की सभेपुढे त्यांचा नाइलाज आहे.

"अहो, मला मासा हवा होता," योमकाकू म्हणाल्या. "माणूस काढा असं कोण म्हणालं?"

"काकू, हे तुमचं काळीज बोलतंय," ग्यू-रीने समजावलं. काकूंनी इकडेतिकडे पाहिलं, एकट्या पडतोय हे ओळखलं आणि हात वर केला. करार वाढवू नये या बाजूने त्रेचाळीस, विरुद्ध कुणी नाही. अध्यक्षांनी सगळ्यात शेवटी, जड अंतःकरणाने हात उचलला. काळजाच्या लोकांनी काकांना मिठ्या मारून अभिनंदन केलं. डोक्याच्यांनी खुर्च्या परत लावून ठेवायला सांगितल्या.

त्रेचाळिसांत एक हात माझा होता. मी काळजाचा निघालो होतो.

सोमवारी मी लिफ्टमध्ये शिरलो तर मेंगकाका आत नवी सूचना चिकटवत होते. रखवालदार पाहिजे. शांत, सांगितलेलं ऐकणारा. अर्जात चार अक्षरं लिहावीत. मला राहवेना. लिफ्टमध्ये तिसरं कुणी नव्हतं, तेवढंच माझं धैर्य.

"काका, खरं सांगा. मासा तुम्ही स्वतःच्या मनाने टाकलात?"

चिकटपट्टी दातांनी तोडत ते हसले. "कुठलं हो. स्वतःच्या मनाने मी जन्मात काही केलं नाही. स्वतःच्या मनाने केलं असं म्हणालो, तेसुद्धा अध्यक्षसाहेबांनी सांगितलं म्हणून."

मग एक पाऊल मागे सरून त्यांनी डोळे बारीक केले. "जरा बघता का, कागद सरळ लागलाय ना? त्यांना वाकडा चालत नाही."

मी नीट पाहिलं. कागद अगदी सरळ होता. तसं सांगितलं आणि माझा मजला आल्यावर उतरलो.