घडी जुळते का बघा!

बिराजदार सरांच्या हातात लग्नाची पत्रिका दिली की ते आधी तिची मधोमध घडी घालत आणि उजेडात धरून दोन्ही बाजू जुळतात का पाहत. वरचा गणपती दिसला की हळहळत. "सोंडेनं घोटाळा केला बघा, न्हाईतर देव बरोबर जुळत होता." लग्न कुणाचं, कधी, हे त्यानंतर.

भूकंपानंतरची ती वर्षं. लातुरात गल्लोगल्ली क्लास उघडत होते. आमचा क्लास डाळमिलच्या जुन्या गोदामात भरायचा. मी विज्ञान शिकवायचो, सर भूमिती. वर पत्रे तापायचे, तुरीचा भुसा नाकात जायचा, आणि तरीही ते दिवस आठवले की आज जीव हळहळतो. मास्तरांचे फोटो अजून चौकाचौकांत लागले नव्हते. पोरं वाटेत भेटली तर सायकलवरून उतरायची.

सर निलंग्याकडचे. खोली करून एकटेच राहत. घरचं विचारलं की विषय सममितीवर नेत. मेसमधली भाकरी दुमडून कडा जुळल्या नाहीत, तर "मावशी, आज अक्ष ढळला हो," म्हणत आणि वर आणखी एक मागून घेत. घडी न जुळणाऱ्या वस्तूंसाठी त्यांच्याकडे दुसरी परीक्षा होती: "फिरवून बघा." सदाफुली दुमडली तर पाकळ्या चुकतात, पण देठ धरून जराशी फिरवली की पुन्हा जशीच्या तशी. हे दाखवताना फुलाबरोबर ते स्वतःही गिरकी घेत. त्यांच्या मते सृष्टीत वस्तूंच्या दोनच तऱ्हा, घडीच्या आणि फिरकीच्या. उरलेल्या वस्तू देवानं घाईत उरकलेल्या.

दरवर्षी आठवीच्या नव्या वर्गात ते पहिल्या बाकावरच्या कुणालाही उभं करत, त्याच्या नाकावर उभी पट्टी धरत आणि म्हणत, "देवानं बी मधी घडी घालूनच माणूस केलाय. हाय का न्हाई बरोबर?" त्या वर्षी त्यांनी फळा पुसता पुसता, न बघताच हात केला आणि औशाहून एसटीनं येणारी संगीता उभी राहिली. तिनं तोंडावरची ओढणी सोडली. लहानपणी, भूकंपात ती भिंतीखाली सापडली होती. डावा गाल आत गेलेला, भुवई अर्धीच.

"सर, माझी घडी जुळत न्हाई," ती म्हणाली.

मागून कुणीतरी फिसकन हसलं आणि मग सगळाच वर्ग. सर पट्टी धरून तसेच उभे राहिले.

दुसऱ्या दिवसापासून संगीता येईना. ती मामाकडे राहायची. मामानं निरोप धाडला की झालं तेवढं शिक्षण बास, पोरगी आता घरीच राहील. सरांचं जेवणावरचं लक्ष उडालं, भाकरी दुमडेनात की आणखी मागेनात. एका सकाळी ते तोंडावर रुमाल धरून माझ्या दारात हजर. "चला सर, औशाला जाऊन येऊ." दाढ दुखत असेल असं मला वाटलं.

मामाच्या ओसरीवर संगीता शेंगा फोडत बसली होती. सरांनी खिशातून सदाफुली काढली. "हे बघ बाई, ज्याची घडी जुळत न्हाई, त्याला बी सममिती असती. नुसतं फिरवून…"

"पुस्तकात हाय ते, सर," ती मान वर न करता म्हणाली. "आन् ते फूल हाय. मी फूल न्हाई."

सरांनी फूल परत खिशात ठेवलं. मी मनात म्हटलं, झालं, खेप वाया गेली. तेवढ्यात त्यांनी रुमाल काढला. दोन्हीकडे सारखी कातरलेली त्यांची ती झुपकेदार मिशी, तिची डावी बाजू साफ उडवलेली!

मामा लगबगीनं बाहेर आला. आमच्याकडे मिशी उतरते ती घरात कुणी गेलं तरच. "मास्तर, कोण गेलं हो?" त्यानं घाबरून विचारलं. मग नीट बघितलं. "आन् निम्मंच गेलं का?"

संगीता आधी ओढणी तोंडात कोंबून हसली, मग ओढणी सोडून खदखदून हसली.

"आता पोरं मला हसतील," सर मामाला म्हणाले. "हिच्याकडं बघायला कुणाला सवडच ऱ्हाणार न्हाई. धाडा तिला."

"धाडतो, मास्तर," मामा म्हणाला. "पर तुम्ही रुमाल धरून जावा."

ती आली. सरांना पाहून वर्ग पोट धरधरून हसला, आणि हळूहळू दोन्ही चेहऱ्यांना सरावला. संगीता ओढणी दप्तरात ठेवू लागली. पण सर रोज सकाळी डावी बाजू नव्यानं काढतच राहिले. शेवटी मीच वैतागलो. "सर, काम झालं की आता! वाढू द्या, न्हाईतर उरलेली तरी काढा. अख्खं लातूर हसायलंय."

"राहू द्या, सर," ते खाली बघत म्हणाले. "परवा मी आळस केला, तर संगीता दारातच म्हणली, 'सर, आज दाढी नीट केली न्हाई.' असं म्हणणारं माणूस माझ्या घरी होतं. भूकंपात गेलं. तवापासून माझ्या तोंडाकडं कुणी बघितलंच न्हवतं."