शिरोयानागी साहेबांची नागासाकीच्या पायऱ्यांवरील स्वारी

श्री.

पूर्वसमुद्राचे काठी, जपान मुलखी, नागासाकी बंदरी, पावसाळा सरोन उकाडा मात्र हटला नव्हता ते समयी जी पायदळ मोहीम जाहली, तिची हकीकत तोक्यो शहरी एके प्रकारे सांगतात आणि नागासाकीस दुसरे प्रकारे सांगतात. तोक्योकडील हकीकतीत पायऱ्याच नाहीत. सबब घडले तैसे, कोणाची भीड न धरिता, कोणाचे चहापाणी न घेता, येथे उतरोन ठेविले आहे. सुज्ञांनी बसोन वाचावे. उभ्याने वाचिल्यास गुडघ्यांची जबाबदारी लिहिणारावर नाही.

तर शिरोयानागी मोरिहिको म्हणोन तोक्योचे एक बडे प्रस्थ. विजेची यंत्रे करणाऱ्या मोठ्या कंपनीत खरेदीखात्याचे सरसुभेदार होते. मग वय जाहले आणि खुर्ची गेली आणि शिक्का गेला आणि लवोन मुजरा करणारे कारकून गेले, परंतु हुकूम करावयाची खोड तेवढी मागे राहिली. हुकूम ऐकावयास माणसे उरली नाहीत, म्हणोन सगळा सुभा कुटुंबाचे माथी आला. कुटुंबाचे नाव फुसाए. बाई अंगाने बारीक, बोलणे थोडे. नवरा बोलू लागला की खिडकीबाहेर पाहावे, ऐसी बहुत वर्षांची वहिवाट. आणि खिडकी नसेल तेथे आभाळाकडे पाहात.

साहेबांनी नागासाकी पायी सर करावयाची मसलत केली. झुंडीबरोबर चालणे पदास शोभत नाही, आपण खासे, सबब वाटाड्याही खाशांपुरताच पाहिजे, ऐसे फर्माविले. ते कामी हामासाकी किनुए या बाईची नेमणूक जाहली. किनुए याच बंदरी जन्मली, याच पायऱ्यांवर वाढली, आणि पाहुण्यांस गाव दाखविण्याचे कामी केस पिकविले. तिचा सरंजाम म्हणाल तर एक पिवळे निशाण, एक पाण्याची बाटली आणि एक हसू. पैकी हसू हे मोठे हत्यार. पाहुण्याने काहीही बरळावे आणि बाईने हसोन "अगदी बरोबर बोललात" म्हणावे. पूर्वी ऐसे नव्हते. पूर्वी ती खरे बोलत असे. मग एका पाहुण्याने तक्रार केली, आणि ज्या कंपनीकडून तिजला कामे मिळत, तेथील धन्याने ताकीद दिली की आणिक एक तक्रार आली तर निशाण जमा करोन घरी बसावे. घरी बसोन खावे ऐसी बाईची ऐपत नव्हती. म्हणोन हसू.

ठरले दिवशी सकाळी स्वारी देजिमा नामे बेटाचे दाराशी दाखल जाहली. साहेबांचे डोकीस टोपी, पायांत कोरे करकरीत कातडी बूट, हाती कचेरीतील लांब होणारी छडी, जिने पूर्वी तक्ते दाखवोन कारकुनांची झोप उडवीत. शहराचे माहितीपुस्तक रातोरात पाठ केले होते. किनुएबाईने लवोन स्वागत केले आणि तोंड उघडिले तोच साहेबांनी छडी लांब केली.

"हे बेट आहे म्हणता?"

"हो साहेब, पूर्वी डच व्यापाऱ्यांना याच बेटावर..."

"बेटाला चारी बाजूंनी पाणी असतं. ही ट्राम जातेय इथून."

"नंतर भर घातली साहेब, समुद्र मागे सरकला."

"मग बेट म्हणू नका. जागा म्हणा. शब्द नीट वापरावेत."

"अगदी बरोबर बोललात," किनुएबाई वदली. फुसाएबाई आभाळाकडे पाहू लागल्या.

ऐसे पहिले ठाणे पडले. मग चष्म्याचे पुलावर मोर्चा लागला. दोन कमानी, खाली पाण्यात दोन प्रतिबिंबे, मिळोन चष्मा दिसतो आणि आबालवृद्ध संतोष पावतात. साहेबांनी पुलाचे एक भिंग तिरळे ठरविले. मग कास्तेलाचे दुकानी कूच जाहले. हा केक नागासाकीचा, त्याचे तळाची जाड साखर ही नागासाकीची शान, आणि किनुएबाईने तो दुधाचे दातांनी खाल्लेला. तिजला साहेबांनी कास्तेला कैसा कापावा, कैसा धरावा आणि तोक्योस तो किती अधिक चांगला मिळतो, याचा पाठ दिला. दुकानातील पोरगी मान खाली घालोन बांधाबांध करीत राहिली. किनुएबाईचे गाल हसोन हसोन दुखू लागले.

ते समयी फुसाएबाईंनी एक अर्ज गुदरिला. "अहो, भूक लागलीय. कुठेतरी बसून चंपोनच्या शेवया खाऊ या का? इथल्या चांगल्या असतात म्हणे."

"आधी चढाई. भरल्या पोटी माणूस सुस्तावतो," ऐसा निकाल जाहला आणि अर्ज दप्तरी दाखल न होता वारला.

मग दक्षिणेकडील टेकडीचे पायथ्याशी फौज येऊन ठाकली. येथे नागासाकीची खरी जात कळते. घरावर घर, त्यावर घर, मध्ये अरुंद पायऱ्या, गाडी नाही, रस्ता नाही, आणि वरून ऊन. परंतु तेथील लोक शहाणे. त्यांनी टेकडीचे अंगावर तिरकी चढणारी लिफ्ट करविली आहे आणि म्हातारीकोतारी भाजी घेऊन तीतून सुखे ये-जा करितात.

"साहेब, इथून लिफ्टनं वर जाऊ. वरून पायी उतरत येऊ. आम्ही इथले लोक असंच करतो."

"लिफ्ट? मी पायी सहल ठरवलीय. लिफ्टनं काय, मोठ्या दुकानात गेलं तरी जातो माणूस."

किनुएबाईने साहेबांचे बूट पाहिले. टाचेशी कातडे आत रुतले होते आणि मोज्यावर तांबूस डाग फुटला होता. तोंडाचा रंग पाहिला, तो बरा नव्हता. जिभेवर खरे आले. परंतु धन्याची ताकीद आठवली, आणि बाईने ते खरे गिळिले आणि म्हटले, "अगदी बरोबर बोललात." लिहिणारास तिची कीव येते, परंतु भीड नाही, हे तीन शब्द बोलणे हा शुद्ध भेकडपणा होता, आणि बाई स्वतः पुढे हेच सांगत असे.

चढाई सुरू जाहली. हरोलीस साहेब, मागे निशाण, पिछाडीस फुसाएबाई. थोडे चढोन जातात तो एका पायरीवर वाकड्या शेपटीची मांजर पसरली होती. साहेबांनी छडी आपटोन वाट मोकळी करण्याचा हुकूम फर्माविला. मांजरीने एक डोळा उघडिला, साहेबांचा दर्जा पाहिला आणि तो डोळा पुन्हा मिटला. साहेब वळसा घालोन गेले. मग एक आजीबाई, हाती मुळ्यांची पिशवी, मागून येऊन सहज पुढे निघाली आणि थबकली.

"शाबास हो! एवढ्या उन्हात! कुणाकडे आलात?"

"कुणाकडे नाही," साहेब धापा टाकीत वदले. "प्रेक्षणीय... स्थळं... बघतोय."

"इथं?" आजीबाईने चहूकडे पाहिले. "इथं माझं वाळत घातलेलं धुणं आहे. बघा हं सावकाश."

पिछाडीस कोणी फिसकन हसले. साहेबांनी वळोन पाहिले तो फुसाएबाई आभाळ पाहात होत्या.

पुढे वाट दुभंगली. किनुएबाईने निशाण डावीकडे केले. साहेबांनी छडी उजवीकडे केली. पुस्तकातील नकाशात उजवीकडे ठळक रेघ होती, आणि छापील रेघेपुढे जन्माची रहिवासीण ती काय! बाई पुन्हा गिळोन राहिली. मग ती उजवी वाट चढली आणि वळली आणि आणिक चढली आणि एका घराचे मोरीमागे, दोन कुंड्या आणि एक मोडकी सायकल यांपाशी संपली. ती सायकल तेथे कैसी चढविली, हे त्या घरच्यांसही ठाऊक नसावे.

साहेब भिंतीस हात टेकोन उभे राहिले. घाम थांबला होता. ओठ पांढरे पडले. छडी हातून सुटोन पायऱ्यांवरून खणखण करीत खाली गेली, तरी त्यांनी तिकडे पाहिले नाही. येथे थट्टा सरली. ऐशा ठिकाणी माणूस पडला तर रुग्णवाहिका खाली राहते, आणि वर येईतो काय होईल ते कोणी सांगावे; किनुएचा बाप ऐशाच उन्हात, ऐशाच पायरीवर, दोन मिनिटे बसतो म्हणाला आणि उठला नाही.

"मी ठीक आहे," साहेब पुटपुटले. "परत फिरून डावीकडून..."

"खाली बसा!" किनुएबाई ओरडली. ऐसी की शेजारची खिडकी उघडली. "आत्ता! सावलीत! बूट काढा ते. हे पाणी घ्या, घोट घोट. बोलू नका. एक शब्द नाही!"

खरेदीखात्याचे सरसुभेदार मटकन बसले. बाईने निशाणाचे फडके भिजवोन त्यांचे मानेवर घातिले. फुसाएबाईंनी बूट ओढोन काढिले आणि नवऱ्याचा हात हाती धरोन ठेविला. पुष्कळ वेळाने साहेबांचे तोंडावर रंग परतला. आणि रंगाबरोबर मिजासही परतली, परंतु पाय परतले नाहीत. टाचा सोलवटल्या होत्या, गुडघे फितूर जाहले होते.

"रुग्णवाहिका बोलावते. स्ट्रेचरवरून नेतील," किनुएबाई म्हणाली.

"माणसं बघतील! मुळीच नाही."

तोच वरून खडखड आवाज आला. जेथे गाडी चढत नाही तेथला कचरा खाली न्यावयास पालिकेची माणसे दोरी बांधलेली, प्लास्टिकची घसरगाडी पायऱ्यांवरून ओढीत नेतात, हा तेथील रोजचा रिवाज. योकोसे म्हणोन एक धिप्पाड गडी आपले जोडीदारासह ती घेऊन डावे वाटेने दुभंगापाशी उतरला. साहेबांची आरडाओरड ऐकोन गाडीसकट वर आला आणि सर्व प्रकार पाहिला.

"आजोबा, चला, बसा यात. नेतो खाली."

"कोण आजोबा?"

"बरं, दादा. बसा. आजच धुतलीय."

"हा कचरा आहे!"

"पिशव्या बांधलेल्या आहेत. टेकायला बऱ्या पडतील, गादीसारख्या." योकोसेने पुठ्ठा पसरिला. "गेल्या साली एक कपाट नेलं यातून. आरशासकट. तडा गेला नाही."

साहेबांनी कुटुंबाकडे पाहिले. बहुत वर्षांत प्रथमच, हुकूम न करिता, नुसते पाहिले. फुसाएबाई म्हणाल्या, "बसा हो. चांगली माणसं आहेत."

मग खासा स्वारी कचऱ्याचे दोन पिशव्यांमध्ये आरूढ जाहली. पुढे योकोसे दोरी धरोन, मागे जोडीदार तोल सांभाळोन, आणि साहेबांचे मांडीवर त्यांचेच बूट. पायरीगणिक ठेचकाळत, टोपी सावरीत, "हळू! हळू!" ऐसा एकच हुकूम पुन्हापुन्हा देत स्वारी उतरू लागली. खिडक्या उघडल्या, लोकांनी सभ्यपणे माना लवविल्या, आणि मुळेवाली आजीबाई धुणे काढिता काढिता ओरडली, "झालं का बघून?"

फुसाएबाई जागच्या हलल्या नाहीत. "तुम्ही व्हा पुढे," त्यांनी वरूनच सांगितले. "ट्रामच्या थांब्याशी सावलीत बसा. मी वर जाऊन येते."

"अगं पण..." हे शब्द वळणाआड घसरोन गेले.

मग दोघी बायका दुभंगल्या वाटेपर्यंत उतरल्या आणि डावीकडोन चढल्या. वाटेत कोणी कोणास काही शिकविले नाही. माथ्यावर पोहोचल्या तो सगळे बंदर खाली उघडे पडले होते; गोदीत लोखंडी जहाजे, पलीकडे हिरवे डोंगर, मध्ये घारी संथ फिरत होत्या. फुसाएबाई बहुत वेळ उभ्या राहिल्या. आज आभाळाखालीही पाहावयाजोगे काही होते.

"हामासाकीबाई, खरं सांगा हं. सकाळपासून यांनी किती चुकीचं सांगितलं?"

किनुएबाईने सवयीने हसू काढिले, मग ते ठेवोन दिले. "मोजलं नाही, बाईसाहेब. एक बरोबर होतं, तेवढं लक्षात आहे."

"कुठलं?"

"'चढ आहे' म्हणाले, ते."

फुसाएबाई ऐशा हसल्या की कठड्यास धरोन खाली बसल्या, आणि किनुएबाईही हसली, आणि या हसण्याने गाल दुखले नाहीत.

तिसरे प्रहरी ट्रामचे थांब्याजवळील चंपोनचे दुकानी उभय पक्ष मिळाले. साहेब अनवाणी बसले होते. शेवयांचे वाफाळते वाडगे पुढे आले, आणि साहेबांनी एक घास घेऊन जाहीर केले की वाटाडीने पाहुण्यावर आवाज चढविला, सबब तिचे कंपनीस आजच रीतसर तक्रार लिहिणार. किनुएबाईने जेवावयाच्या काड्या खाली ठेविल्या. तिचे तोंड उतरले, परंतु या वेळी हसू काही तिने काढिले नाही.

"ओरडले, साहेब," ती म्हणाली. "आधीच ओरडायला हवं होतं. लिफ्टपाशीच."

फुसाएबाई शिंपला निवडीत होत्या. मान वर न करिता म्हणाल्या, "लिहा ना. मीही लिहीन. ऑफिसातल्या तुमच्या सगळ्यांना एकेक कार्ड टाकायचंच आहे. घसरगाडीपासून सुरुवात करते."

साहेबांनी कुटुंबाकडे पाहिले, वाडग्याकडे पाहिले, आणि वाडगे उचलोन रस्सा प्यावयास लागले. बहुत वेळ प्याले. मग वाडगे ठेविले आणि भिंतीकडे पाहात पुसिले, "उद्या... उद्या कुठं जायचं?"

लग्नापासोन हा सवाल त्यांनी कोणास पुसिला नव्हता. फुसाएबाईंनी उरला कोबी निवांत संपविला, तोंड पुसिले, आणि म्हणाल्या, "बघू."

येणेप्रमाणे नागासाकीचा चढ फुसाएबाईंनी फत्ते केला, हामासाकी किनुए यांचे निशाण कायम राहिले, आणि शिरोयानागी साहेब कोरे बूट दुकानीच सोडोन, दुकानदाराच्या जुन्या सपाता घालोन, ट्रामने मुक्कामी गेले. हानी म्हणाल तर टाचा दोन. वरकड सर्व क्षेम. लेखनात चूक आढळल्यास साहेबांनी दुरुस्त न करावी, ही विनंती.