बायजाकाकू एकटी निघाली

"मी येकटी जानार. सोबतीला कुनी नको," बायजाकाकूने विहिरीवर जाहीर केलं, आणि काठावरच्या चार बायकांच्या कळश्या भरायच्या राहिल्या.

यात एवढं नवल काय, असं तुम्हाला वाटेल. पण खालापूरपासून दोन मैलांवरच्या त्या गावात एकटं माणूस कुठं जातच नसे. बाजाराला चौघं, कचेरीत आठ जण, आणि मुलगी बघायला निघाले तर मुलीकडच्यांना वाटावं, गावच राहायला आलं. "येकटा मानूस फकस्त वर जातो," काकूचा दीर बुधाजी म्हणायचा, "आनि त्यालाबी पोचवाया आपन मसनापातुर जातोच."

काकूचा हट्ट मात्र उगाच नव्हता. तिची एकुलती एक लेक सोना अलिबागला दिलेली. लेकीला मूल झाल्याशिवाय तिच्या घरचं अन्न घ्यायचं नाही, या रीतीपायी काकूने तीन वर्षं वाट बघितली. मग नातू झाला, बाळंतपण माहेरी झालं, आणि बाळाला घेऊन सोना सासरी निघाली. तिला पोचवायला अकरा जण गेले. त्यात काकू नव्हती, कारण नेमकी त्याच दिवशी म्हैस व्यायली.

ते अकरा जण अलिबागच्या एका खोलीत सहा दिवस राहिले. रेशनचा महिन्याचा तांदूळ चौथ्या दिवशी संपला. जावई सहदेव कचेरीत शिपाई, गरीब स्वभावाचा. तो तोंडाने काही बोलला नाही, पण तेव्हापासून 'माहेर' हा शब्द कानावर पडला की म्हणे जेवता जेवता भिंतीकडे बघत बसायचा.

आणि आता सोनाचं कार्ड आलं होतं. गावात वाचता येणारा एकटा धाऊ, आणि त्याला हळू वाचता येत नसे. त्याने चावडीवर सगळ्या गावाला ऐकू जाईल असं वाचलं, "आये, बाळ पालथं पडतंय, बघायला ये. पण एकटीच ये. एकटी म्हणजे एकटीच. हे म्हणतात, या खेपेला गर्दी झाली तर मलाच माहेरी पोचवतील आणि न्यायला येणार नाहीत."

 मग बुधाजी उभा राहिला.

"वैनी, तू बिनघोर जा. आमी कोन येतो? आमी फकस्त गाडीपातुर पोचवू."

माघातली थंडी होती. भात झोडून झालं होतं, वाल शेतात उभा होता आणि माणसांना काम नव्हतं. त्यामुळे काकू पहाटे निघाली तेव्हा तिच्या मागे चौदा जण होते. आता पोचवण्याचीही एक रीत असते. जाणाऱ्याने आपलं गाठोडं आपण उचलायचं नाही, ते पोचवणाऱ्याने उचलायचं. आणि गाडी हलल्याशिवाय मागे फिरायचं नाही, फिरलं तर जाणाऱ्याला अपशकुन. बैलगाडीला हे बरं पडतं. पोचवणारी मंडळी गाडीतच बसतात, गाडी हलते, वेशीपर्यंत गप्पा होतात, आणि वेस आली की सगळे टुणकन खाली उड्या मारतात.

काकूचं गाठोडं धाऊच्या डोक्यावर होतं. आत नव्या भाताचे तांदूळ, वालाची डाळ आणि नातवाला अंगडं. काकूचे हात मोकळे होते आणि ती इतकी खुशीत होती की ते कुठं ठेवावेत हे तिला कळत नव्हतं.

खालापूरच्या नाक्यावर सर्विस मोटार उभी होती. लढाईचे दिवस. पेट्रोल मिळेनासं झालेलं, म्हणून मोटारीच्या बुडाला कोळशाची भट्टी बसवलेली. ती पेटवायची, तासभर पंख्याने वारा घालायचा, धूर चढला की इंजिन खोकायला लागायचं. हे सगळं मोरू डायवर एकटाच करायचा. तिकिटंही तोच द्यायचा. त्याचा चेहरा कोळशाने इतका काळा झाला होता की तो हसला तरच तोंड कुठं आहे ते समजायचं.

"कधी सुटनार रं मोटार?" काकूने विचारलं.

"भरली की सुटंल, मावशे."

आत दोन कोळणी टोपल्या घेऊन झोपल्या होत्या. बाकी मोटार रिकामी. "आन नाय भरली तर?" काकूचा जीव खाली-वर झाला. पेणच्या पुढे खाडी, खाडीवर उतारूंना पार नेणारी नाव, म्हणजे तर, आणि पलीकडे अलिबागची दुसरी मोटार. ती चुकली की संपलं.

इथे बुधाजीच्या डोक्यात उजेड पडला. त्याच्या डोक्यात असा उजेड वर्षातून एकदा पडे आणि त्या वर्षाचं नुकसान भरून यायला दोन वर्षं लागत.

"त्याला भरलेलीच पायजे ना? मंग आपन बसू. त्याला वाटंल भरली. मोटार हालली की आपन उतरू. तशीबी हालल्याशिवाय मागं फिरायचं नसतंच."

सगळ्यांना पटलं. न पटायला काय होतं, बैलगाडीत तर तसंच करतात. चौदा जण चढले. धाऊ गाठोडं पायाशी घेऊन मागच्या कोपऱ्यात बसला. काकूची धाकटी जाऊ जयवंता गादीवर दोनदा उडून बघून म्हणाली, "बाय गं, कापसाची हाय." शुक्राने, म्हणजे गावातल्या सगळ्यात दांडग्या गड्याने, काच वर-खाली करून बघितली. ती खाली गेली आणि पुन्हा वर आली नाही.

मोरूने धुरातून डोकं काढलं. सगळी बाकं भरलेली! अशी सकाळ त्याने लढाई सुरू झाल्यापासून बघितली नव्हती. पुन्हा कुणाचं मन बदलायच्या आत त्याने उडी मारून चाक हातात घेतलं आणि मोटार निघाली.

"हालली, हालली," बुधाजी आनंदाने म्हणाला, "चला, उतरा."

पण बैलाला शिंगं असतात, शेपटी असते, आणि तो 'हो' म्हटलं की उभा राहतो. शुक्राने दारात उभं राहून "हो, हो" करून पाहिलं. मोटार उभी राहिली नाही. उलट उतार लागला.

"अरं डायवर, थांबव," बुधाजी ओरडला, "आमाला जायाचं नाय."

"मंग बसलाव कशाला?"

"पोचवाया."

"कुनाला?"

"हिला. ही येकटी चाललीय."

मोरूने मागे वळून चौदा जणांकडे आणि मधोमध बसलेल्या काकूकडे पाहिलं. "बापू, थांबवली तर भट्टी इझंल. इझली की पुन्ना तासभर. मंग तुमच्या मावशीची खाडीवरली तर चुकंल. चालंल?"

काकूला घाम फुटला. थांबवावं तर खाडीवरची तर चुकणार, न थांबवावं तर सगळं गाव अलिबागला आणि सोना कायमची माहेरी. तिने कपाळाला हात लावला. पण खरं सांगायचं तर त्या घामातही तिला मजा वाटत होती. झाडं मागे पळत होती, वारा शुक्राने पाडलेल्या खिडकीतून थेट तोंडावर येत होता, आणि पन्नास वर्षांत ती एवढ्या वेगाने कुठं गेली नव्हती.

"पेनला उतरा समदे," तिने हुकूम सोडला.

ते उतरलेही असते. पण पेणच्या आधी चढ लागला. निम्म्यावर मोटारीने दोन उचक्या दिल्या आणि ती मागे सरकायला लागली. अशा वेळी मोरू उतारूंच्या पाया पडायचा, उतारू शिव्या द्यायचे, आणि दोन पांढरपेशे गृहस्थ धोतर सावरत मोटारीला नुसता हात लावून उभे राहायचे. आज मात्र चौदा जण न सांगता खाली उतरले. चिखलातून भाताच्या गाड्या काढण्यात ज्यांचा जन्म गेला, त्यांना मोटार म्हणजे काय? शुक्राने खांदा लावला, धाऊने हाळी दिली, जयवंताने पदर खोचला, आणि मोटार इंजिनाच्या मदतीवाचून चढ चढून गेली. वर पोचल्यावर इंजिनालाच लाज वाटली असावी, ते आपोआप सुरू झालं.

मोरूच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यात धुराचा वाटा किती ते सांगता येणार नाही. पुढे पेण आलं आणि मोटार पेणच्या नाक्यावरून भरधाव निघून गेली.

"अरं, पेन गेलं की!" बुधाजी म्हणाला.

"जाऊ दे," मोरू म्हणाला. "अजून दोन चढ हायत. तुमाला खाडीवर सोडतो आनि दुपारी ह्याच मोटारीतनं फुकट घरी नेतो. फकस्त ढकला."

धरमतरच्या खाडीवर मोटार पोचली तेव्हा काठाला लागलेली तर माणसांनी भरत आली होती. काकूने सगळ्यांना किनाऱ्यावर ओळीने उभं केलं.

"माझ्या गळ्याची आन हाय. यातलं येकबी मानूस तरीत पाय ठेवनार नाय. सोनीचा संसार हाय हा."

"मी सोता बगतो," बुधाजीने छातीला हात लावला. "तू जा वैनी. येकटी जा."

आणि काकू खरोखरच एकटी गेली. तर किनाऱ्यापासून सुटली, मधलं पाणी रुंद होत गेलं, ओळीत उभे असलेले चौदा जण लहान होत गेले. काकूला इतका आनंद झाला की ती नावाड्याकडे बघून उगाच हसली. तिने पाण्यात हात घातला, बोट चाटलं. खारट! "जयवंते, खरंच खारट हाय गं," असं म्हणत ती वळली. शेजारी पानाचा डाग पडलेलं एक पोतं होतं. तिला जरा चुकल्यासारखं झालं. पण जराच.

दुपारी तीन वाजता ती सोनाच्या दारात उभी राहिली. सहदेव कचेरीतून लवकर आला होता. त्याने आधी सासूकडे पाहिलं, मग तिच्या मागे पाहिलं, मग दोन पावलं बाहेर जाऊन गल्लीच्या दोन्ही टोकांना पाहिलं.

"एकट्याच आलात?"

"तर काय," काकू म्हणाली. "मला कुनी लागतं का?"

सहदेव बदलूनच गेला. त्याने स्वतः पाय धुवायला पाणी दिलं. बाळाला आणून मांडीवर ठेवलं. बाळ काकूच्या मांडीवर पालथं पडलं, आणि तीन वर्षं नि अर्धा दिवस एकदम वसूल झाले. सोना रडली, हसली, पुन्हा रडली. संध्याकाळी सहदेवने सासूला समुद्र दाखवला. येताना काकू खाडीत काय बोलली, डायवरला कसं दटावलं, हे सगळं तिने सांगितलं. चौदा माणसं तेवढी तिने गाळली.

दिवेलागणीला सोनाने ताटं मांडली. समोर भात, आमटी, काकूसाठी शेजारणीकडून मागून आणलेलं तूप. "आये, गाठोडं कुठाय गं तुजं?" सोनाने सहज विचारलं.

काकूचा घास हातात राहिला. रीतच ती. जाणाऱ्याने गाठोडं आपण उचलायचं नाही. ते धाऊच्या पायाशी होतं.

तेवढ्यात दार वाजलं.

दारात बुधाजी उभा होता, डोक्यावर गाठोडं. सहदेवने त्याच्याकडे पाहिलं आणि त्याची नजर सावकाश भिंतीकडे निघाली.

"जावईबापू, घाबरू नका," बुधाजी घाईने म्हणाला. "मी येकटाच आलोय. वैनीचं गाठोडं ऱ्हायलं, ते द्यायाचं नि मागं फिरायचं."

सहदेवची नजर निम्म्या वाटेवरून परत आली. त्याने सुस्कारा सोडला. "या, बसा मग. एकट्या माणसाचं काय ओझं?"

"बसतो," बुधाजी म्हणाला, पण बसला नाही. त्याने एकदा काकूकडे पाहिलं, एकदा आपल्या पायांकडे. "तसं बाकीचेबी हायत गल्लीच्या टोकाला. पन ते आलेले न्हायत, जावईबापू. ते मला पोचवाया आलेत."

"तरीत कशाला बसले?" काकूने अगदी बारीक आवाजात विचारलं.

"तर भरत नव्हती, वैनी. म्हटलं, जरा बसा, हालली की उतरा." बुधाजीने गाठोडं खाली ठेवलं. "समदे मिळून चौदा. आनि पंधरावा मोरू डायवर. तो म्हनतो, ढकलायला मानसं नसतील तर मी येकटा परत जाऊन काय करू?"

 बाळ पालथं पडून मान वर करून बघत होतं. सहदेव भिंतीकडे बघत होता. सोना नवऱ्याकडे बघत होती.

काकू उठली. तिने गाठोड्याची गाठ सोडली आणि नव्या भाताचे होते तेवढे सगळे तांदूळ सुपात ओतले. "सोने, मोठं पातेलं चढव," ती म्हणाली. मग जावयाच्या समोर जाऊन, पदर सारखा करून, तिने पूर्ण मानाने सांगितलं,

"जावईबापू, येक ध्यानात ठेवा. मी येकटीच आलेय. हे लोक माज्यासंगं न्हाईत."