भयमहालातला आग्रह

जावई घाबरत नसतो. ही गोष्ट जालना जिल्ह्यात इतकी पक्की आहे की ती तपासून पाहावी असं आजवर कुणाला वाटलेलं नाही. जावई रुसतो, जावयाला ॲसिडिटी होते, जावयाला गादी टोचते. घाबरणं मात्र त्याच्या कार्यकक्षेत येत नाही.

सोमेश्वर घाबरायचा. जालन्यातल्या एका बियाणे कंपनीत कुठलं बी उगवतं आणि कुठलं नाही हे तपासणारा हा गृहस्थ रात्री मोरीतला दिवा चालू ठेवून झोपायचा. हे फक्त त्याच्या बायकोला, दैवशालाला, ठाऊक होतं, आणि सात वर्षांत तिनं माहेरी चकार शब्द काढला नव्हता. माहेरी कळलं असतं तर मेहुण्यांना पुढच्या अधिक महिन्यापर्यंत, म्हणजे पावणेतीन वर्षं, हसायला विषय झाला असता. सोमेश्वरला एवढीच एक चिंता होती.

यंदा धोंड्याच्या जेवणाला तो सासुरवाडीला, कुंभार पिंपळगावला गेला. तेहेतीस अनारशांचं वाण झालं, टॉवेल-टोपी झाली. मग मेहुणा कल्याण म्हणाला, "दाजी, दर धोंड्याला तेच ते. यंदा तुम्हाला भयमहाल दाखवतो."

भयमहाल म्हणजे जालना एमआयडीसीतलं एक रिकामं गोदाम. दालनं सात, भुतं चार, खेळ दुपारी तीनचा. माणसाला अंधारात सोडून त्याच्या अंगावर प्रेतं धाडण्याची ही सोय आता आपल्या जिल्ह्यातही झाली, ही अभिमानाची बाब आहे. नाहीतर लोकांना त्यासाठी पुण्याला जावं लागायचं. नियमावली बंगळूरहून आणलेली. नियम चौथा असा: 'खेळाडूने दोन्ही हात आडवे धरून "पुरे" म्हटल्यास खेळ तत्काळ थांबवण्यात येईल.' (बंगळूरला 'पुरे'चा अर्थ पुरे असाच होत असावा.)

"तुम्ही नका जाऊ," दैवशाला हळूच म्हणाली.

"भ्यायचं काय त्यात? नकोसं झालं की पुरे म्हणीन. नियमच हाय तसा."

"म्हणून बघा," ती म्हणाली आणि भांडी घासायला गेली.

कल्याण, त्याचा दोस्त भिवा आणि सोमेश्वर असे तिघं आत शिरले. मान म्हणून प्रत्येक दारातून सोमेश्वरला आधी ढकलण्यात आलं. पहिल्याच दालनात माऊली नावाचं भूत त्याच्या अंगावर आलं. (माऊली परतूरचा. पहिल्या पाळीत लोखंडाच्या भट्टीपुढं उभा राहून दुसऱ्या पाळीत भूत व्हायचा, त्यामुळं डोळे लाल करायचा रंग वाचत होता.) सोमेश्वरनं नियमाप्रमाणं दोन्ही हात आडवे धरले आणि म्हणाला, "पुरे."

माऊली थांबला. कल्याण मात्र कळवळून म्हणाला, "असं कसं पुरे, दाजी? आत्ताशी तर सुरू झालं. माऊली, वाढ."

माऊलीही कुणाचा तरी मेहुणा होताच. समोर जावई, ताटावर धरावेत तसे आडवे हात, तोंडी पुरे. यापुढं काय करायचं हे त्याला कुणी शिकवावं लागलं नाही. "घ्या पाहुणे, थोडंसंच," म्हणत त्यानं सोमेश्वरच्या गळ्यात आतडी घातली.

दुसऱ्या दालनात सोमेश्वर दोनदा पुरे म्हणाला, म्हणून तिथली हाडळ दोनदा आली. तिसऱ्यात तो मटकन खाली बसला. "पाहुणे लाजून राह्यले," भिवा म्हणाला आणि त्यानं माऊलीला परत बोलावून घेतलं. चौथ्या दालनात सोमेश्वरनं सात वर्षं जपलेली अब्रू आपल्या हातानं उघड्यावर मांडली. रडत म्हणाला, "कल्याण, मला खरंच भेव वाटून राह्यलं रे. मी घरीसुद्धा दिवा लावून झोपतो."

कल्याणनं हात जोडले. "बघ भिव्या, माणूस केवढा मोठा. आपला खर्चा फुकट जाऊ नये म्हणून भ्याल्यासारखं करून राह्यलेत." यावर तिन्ही भुतांनी मान डोलावली. (चौथं चहाला गेलं होतं.)

अखेरचा तपशील असा: एकूण पुरे अकरा, त्यांपैकी संकोचापोटी उच्चारलेले अकरा, खरे शून्य. सातही दालनं पार करणारा पहिला खेळाडू म्हणून सोमेश्वरला प्रमाणपत्र मिळालं. सासूबाईंनी, नंदाबाईंनी, दारातच त्याची दृष्ट काढली.

"अकरा वेळा म्हणलो," तो दैवशालाला सांगत होता. "अकरा. एकानं ऐकलं न्हाई. माणूस तोंडानं सांगून राह्यला तर ऐकायला नको? काय जनावरं हायेत का ही?"

"हं," दैवशाला म्हणाली.

पुढच्या रविवारी सोमेश्वरनं कल्याण, भिवा आणि माऊलीला (तो आता घरचाच झाला होता) जालन्याला जेवायला बोलावलं. दैवशालाला हे सकाळी सातला कळलं. दोन वाजता ती स्वयंपाकघराच्या दारात आली. पीठ भरलेले दोन्ही हात तिनं पुढं धरलेले होते. "पुरे करा आता," ती म्हणाली. "पाठ उभी राहिना माझी."

सोमेश्वर पाहुण्यांकडं बघून हसला. "ती असंच म्हणत असती. लाट गं अजून चार, गरम गरम."

तिनं लाटल्या. तिचं ते त्या दिवसातलं तिसरं पुरे होतं. सात वर्षांतलं कितवं, याचा तपशील उपलब्ध नाही.

सोमेश्वरला हसणाऱ्या वाचकांनी हसावं, हरकत नाही. फक्त हे वाचत असताना मघाशी स्वयंपाकघरातून आवाज आला होता, तो काय होता एवढं आठवून पाहावं. (ज्याला तुम्ही मान वर न करता "हो हो" म्हणालात, तो.)